उशाला सैतानाचा चावा

बुग नदीकाठच्या त्या गावात पेलागियाबाईंना प्रत्येक रोपाच्या नावाचं मूळ ठाऊक होतं, आणि जे ठाऊक नव्हतं ते त्या उभ्याउभ्या रचायच्या. 'जुरावियेत्स' म्हणजे भोकवाला. पान उजेडात धरलं की भोकंच भोकं दिसतात. 'म्निशेक' म्हणजे छोटा भिक्षू. फुलावरच्या म्हाताऱ्या उडून गेल्या की उरतं ते टक्कल. हे त्यांनी नव्या फादरांना चर्चच्या दारात, चारचौघांत सांगितलं. फादरांना तिशीतच टक्कल पडलेलं. तिथंच माशी शिंकली.

पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, बाया रानफुलांच्या जुड्या आशीर्वादाला घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा फादर नेमके पेलागियाबाईंपाशी थांबले.

"हे जांभळं काय?"

"चार्चिकेंस. सैतानाचा चावा."

"देवाच्या घरात सैतानाला आशीर्वाद? काढा ते!"

पण जुडी पेलागियाबाईंची स्वतःची नव्हती. नणंद लोजा अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. शवपेटीत उशाखाली आशीर्वादाची जुडी ठेवायची, ही इथली रीत. लोजानं बजावलं होतं, आईच्या उशाला होता तसा चार्चिकेंस हवाच. या बाईनं चाळीस वर्षं पेलागियाबाईंच्या कोबीच्या सुपाला नावं ठेवली होती. तरीही.

"फादर, मूळ बघा. अर्धं तुटलेलं. यानं माणसं बरी व्हायला लागली, तेव्हा सैतानाच्या पोटात दुखलं. आला खालून आणि घेतला चावा! आता ज्याला सैतान चावला, तो सैतानाचा कसा? मला शेजाऱ्याचं कुत्रं चावलं होतं. मी काय शेजाऱ्याची झाले?"

रांगेत खसखस पिकली. फादर टकलापर्यंत लाल झाले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, जरा जोरातच. पेलागियाबाईंचा चष्मा भिजला.

घरी लोजा वाटच बघत होती. "मिळाला आशीर्वाद?"

"मिळाला, वन्सं. भांडून."

"तुला दुसरं येतं काय?" लोजानं जुडी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. "आत्ताच ठेव उशाखाली. पेटीत मला वास कुठला यायला?"

पेलागियाबाईंना रडू फुटलं. एका हातानं त्यांनी नणंदेचं डोकं उचललं. ते किती हलकं झालंय, हे त्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्या हातानं त्यांनी जुडी सरकवली.

"टोचतंय," लोजा म्हणाली.

"काढू?"

"राहू दे."