डॉक्टरनं मना केलं

नाकाडोंगरीच्या मधुकरराव तितिरमारे यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, जुळवलेल्या सोयरिकींचा आणि दुसरा, पचवलेल्या मटणाचा. खरं म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. धान कापून, चुरून घरात आलं की आमच्याकडचा माणूस रिकामा होतो. मग गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, आणि मंडईला आलेल्या पाहुण्याच्या ताटात मटण पडतं. मुलगी पाहायची, बोलणी काढायची ती याच दिवसांत. मधुकरराव पडले मध्यस्थ. दिवाळी सरली की आज या गावी तर उद्या त्या गावी, ते थेट माघ संपेपर्यंत. "ह्या माणसाले घरचं वरण उन्हाळ्यातच आठवते," असं त्यांची बायको कुंताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

मध्यस्थाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. सोयरीक जुळवणं जमतं, पण मोडायची वेळ आली की भल्याभल्यांची गाळण उडते. ज्याच्या घरी बसून जेवायचं त्यालाच तोंडावर 'तुमची पोरगी पसंत नाही' म्हणायचं कसं? मधुकररावांनी त्यावर तोडगा काढला. घर पसंत नसलेल्या पाहुण्याने मटणाच्या वाटीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टरनं मना केलं." घरधनी काय ते समजायचा, बायकोला वरण आणायला सांगायचा, आणि सगळे धानाच्या भावावर बोलू लागायचे. कुणाचा अपमान नाही की भांडण नाही. हा तोडगा तुमसर आणि मोहाडी तालुक्यांत असा काही पसरला की खऱ्या आजारी माणसांची पंचाईत होऊ लागली. मधुकररावांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते स्वतः कुठे आजारी होते!

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. साऱ्या पंचक्रोशीची लग्नं जुळवली, पण स्वतःचा मुलगा निकेश तिशी ओलांडून गेला तरी बिनलग्नाचा. पोरगा कष्टाळू, शेत ओलिताखालचं, व्यसन नाही. पण 'पोरगा काय करते?' या प्रश्नाला 'शेती' असं उत्तर दिलं की समोरच्या माणसाला आपण घाईत असल्याचं आठवायचं. शेवटी आंधळगावच्या भय्याजी बुराड्यांकडून निरोप आला. त्यांची तृप्ती शेतकरी मुलाला नाही म्हणत नव्हती. मंडईला या, पोरगाही घेऊन या, असं भय्याजींनी कळवलं. मधुकरराव आनंदाने नाचायचेच बाकी राहिले.

आणि मंडईला थोडे दिवस उरले असताना हे झालं. भल्या सकाळी, दव पडलेलं असताना, ते लाखोरीचं पीक पाहायला बांधावर गेले आणि छातीवर कुणी धानाचं पोतं ठेवावं तसं झालं. मटकन खाली बसले. निकेशने त्यांना उचलून गाडीवर घातलं आणि तुमसरला डॉक्टरकडे नेलं. यंत्रावर छातीचा आलेख काढून झाला, रक्त तपासलं. झटका आलेला नव्हता, पण बी.पी. चढलेलं आणि कोलेस्ट्रॉल त्याच्याही वर.

"असं कसं जी?" मधुकरराव चिडले. "वैशाखात गावात शिबिर झालं तवा माहं रक्त एक नंबर होतं!"

"काका, ते वैशाखातलं रक्त होतं," डॉक्टर म्हणाले. "थंडीत बऱ्याच जणांचे आकडे थोडे वर सरकतात. गारठ्यानं नसा आकसतात, बी.पी. वाढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात वैशाखात तुम्ही शेतात घाम गाळत होता. आता काय करता?"

मधुकरराव भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले.

"मंडया करतेत," निकेशने सांगून टाकलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ऊन पडल्यावर चाला, पहाटेच्या गारठ्यात निघू नका, आणि तर्रीचं मटण बंद, पुन्हा तपासेपर्यंत एक वाटीसुद्धा नाही, असं बजावलं. निकेशने ते नीट ऐकलं. मधुकररावांनी मात्र आपला सिद्धांत तयार केला. थंडीत ताटातला रस्सा गोठतो, वर पांढरा थर येतो. रक्ताचंही तेच होत असणार. मग ते शेकोटीला पाठ लावून बसू लागले आणि गरम पाण्याचे पेल्यावर पेले रिचवू लागले.

"वितळून राहिलं," ते कुंताबाईला म्हणत.

"वितळून जाईन कोठं?" कुंताबाई विचारायची. याचं उत्तर सिद्धांतात नव्हतं. शेवटी तिने गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोरून हलली नाही. निघायच्या दिवशी तिने त्यांना दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी असं बांधून गाडीवर बसवलं, आणि निकेशला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.

आंधळगावात पाहुणचार थाटाचा झाला. भय्याजी स्वतः नाक्यापर्यंत सामोरे आले. तृप्ती चहा देऊन गेली. तिने निकेशला एकच प्रश्न विचारला, धानाची रोवणी मजूर लावून करता की मशीननं? निकेशने उत्तर दिलं आणि कानापर्यंत लाल झाला. भय्याजींच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की काम झालंच. मग पंगत बसली. भय्याजी, त्यांचा साळा, मधुकरराव, निकेश. शकुंतलाबाई, म्हणजे भय्याजींची बायको, काठोकाठ भरलेल्या वाट्या घेऊन आली. तर्रीचा लाल तवंग पाहून मधुकररावांच्या तोंडाला पाणी सुटलं. शेजारून निकेशने कोपर मारलं. त्यांनी मोठ्या कष्टाने वाटीवर हात ठेवला.

"नोको जी वहिनी," ते म्हणाले. "डॉक्टरनं मना केलं."

तोंडातून शब्द गेले आणि मग त्यांना ऐकू आले.

पंगत गार पडली. भय्याजींचा घास हातात राहिला. साळ्याने न वाजलेला फोन कानाला लावला आणि तो अंगणात निघून गेला. शकुंतलाबाईंनी पदर सावरला. आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"शकुंतले," भय्याजी जड आवाजात म्हणाले, "पाव्हण्यायले वरण आण."

"नाई जी! वरण नोको!" मधुकरराव ओरडलेच. "म्हंजे वरणच पाह्यजे, पण तसं वरण नोको! मले खरंच मना केलं जी!"

"हो जी. सगळ्यायले खरंच मना करते."

"हे पाहा गोळ्या!"

"मांगच्या साली एका पाव्हण्यानं तं पायाले पलस्तर करून आणलं होतं," भय्याजी म्हणाले. "तुमीच शिकवलं म्हणे त्याले. धानाले यंदा काय भाव भेटला?"

धानाचा भाव निघाला म्हणजे सारं संपलं, हे मधुकररावांइतकं कुणाला ठाऊक असणार? आपण खणलेल्या खड्ड्यात आपण एकटे पडलो असतो तरी चाललं असतं, पण पोराला घेऊन पडलो, या विचाराने त्यांना रडू फुटायची वेळ आली. दोन स्वेटरांत घामाघूम झालेल्या त्या माणसाने मग एकच गोष्ट केली. वाटी पुढे ओढली.

"मना गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "हे पाहा, खातो मी."

हात वाटीपाशी गेला आणि निकेशने वाटी उचलली. आल्यापासून धड चार वाक्यं न बोललेला पोरगा ताडकन उभा राहिला.

"बाबा, नाई म्हंजे नाई."

"देय ते इकडं! सोयरीक तुटून राहिली ना बे!"

"तुटू द्या. मामाजी, तुमाले खोटं वाटत असन तं वाटू द्या. हा माणूस माह्यासमोर बांधावर पडला होता. मले बायको नाई भेटली तरी चालन. वाटी मी देत नाई."

तेवढ्यात आतून तृप्ती आली. कुणाकडे न पाहता ती सरळ आपल्या वडिलांच्या पानापाशी गेली आणि तिने त्यांचीही वाटी उचलली.

"अवो, माही काहून?" भय्याजी गडबडले.

"काहून म्हंजे?" शकुंतलाबाईंचा आतापर्यंत दाबून ठेवलेला आवाज सुटला. "तुमाले भंडाऱ्याच्या डॉक्टरनं दिवाळीतच मना केलं ना? पाव्हण्यासमोर घरधन्यानं नाई खाल्लं तं बरं दिसत नाई म्हणून मंडईभर चापून राहिले! त्यायचा पोरगा बोलला म्हणून, नाई तं दोघंही इवाई एकाच दिवशी गेले असते!"

रागाच्या भरात ती 'इवाई' म्हणून गेली होती. व्याही! ते सगळ्यांच्या लक्षात आलं, फक्त तिच्या आलं नाही. भय्याजींनी हळूच बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मधुकररावांनी आपली पुढे केली. दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या निघाल्या. मग दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. साळाही फोन खिशात घालून आत आला. निकेश आणि तृप्ती मात्र हातात एकेक वाटी घेऊन तसेच समोरासमोर उभे होते, आणि त्या वाट्यांचं आता काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

जेवण मग पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांच्या भाजीवर आणि वरणावर झालं. लग्न वैशाखात धरायचं ठरलं. "तवा आपले दोघायचे आकडे बरे रायतीन," भय्याजी म्हणाले, आणि "बरे राह्यले तरी मटण नाई," असं तृप्तीने तिथल्या तिथे सांगितलं. मधुकररावांना सून पसंत पडली, आणि तिची थोडी भीतीही वाटली.

ऊन असतानाच बापलेक परतीला लागले. तुमसर मागे पडलं. मग मफलर तोंडावरून खाली करून मधुकररावांनी विचारलं, "निकेश, सोयरीक खरंच तुटली असती तं?"

"तं तुमी दुसरी पाह्यली असती."

"अन् भेटलीच नसती तं बे?"

निकेशने गाडीचा वेग कमी केला. "बाबा, माहं लग्न व्हाचं होतं. आईचं झालेलं हाय. पह्यले झालेलं सांभाळा लागन का नाई?"

इतकी लग्नं मधुकररावांनी जुळवली, पण त्यांत आपलंही एक आहे हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"हळू चालव," ते म्हणाले. "तुही आई वाट पाहून राहिली असन."