दगडी पाल्याचा रस

गल्लीच्या टोकाला पत्रेवाल्याचं दुकान होतं. मागच्याच खोलीत तो आणि त्याची बायको राहायचे. नरसाळी, डबे, छपराच्या पन्हळी, सगळं तो हाताने करायचा. पत्रा कापताना बोट कापणं म्हणजे त्याला सर्दी-पडसं. रक्त आलं की आत बघून हाक मारायचा, "अगं, आलं बघ!"

बायको भिंतीलगतचा दगडी पाला खुडायची. लांब दांड्यावर एकच बारकं फूल. तण म्हणून कुणीही उपटून टाकावं असं झाड. पानं धुऊन ती तळहातावर चोळायची, रस जखमेवर पिळायची. "डोळे कुठे होते तुमचे?" हे ठरलेलं. झोंबलं की फुंकर. शेजारणींचे केस गळायला लागले की हाच पाला तेलात उकळून द्यायची.

मुलीला दूरच्या शहरात जुळी झाली, तेव्हा बायको दोन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेली. मुलगी कामावर रुजू झाली, पोरं आजीला चिकटली, आणि बघता बघता तीन वर्षं झाली.

"तुम्हीच या ना चार दिवस," ती फोनवर म्हणायची.

"दुकान कुणाच्या भरवशावर टाकू?"

आता बोट कापलं की तो स्वतःच पाला लावायचा. रक्त थांबायचं, रागावायला मात्र कुणी नसायचं.

एका दुपारी कात्री निसटली आणि पत्र्याची धार तळव्यात खोल शिरली. एका हाताने पाला चुरगळेना. शेजारचा शिंपी धावत आला. "अहो, हे पाल्याचं काम नाही," म्हणत त्याने त्याला दवाखान्यात नेलं. टाके पडले. महिनाभर काम बंद.

दुसऱ्याच दिवशी तो मुलीच्या दारात उभा. बायकोने आधी पट्टी पाहिली, मग त्याचं तोंड. "डोळे कुठे..." एवढंच म्हणाली आणि पट्टीवर हलकेच फुंकर घातली.

तो महिनाभर राहिला. जुळ्यांचा घोडा झाला. एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "मला वाटायचं, दुकानापुढे तुम्हाला कुणाची आठवणच येत नाही."

"रोज यायची."

"मग सांगायचं नाही का?"

त्याने बऱ्या हाताने तिच्याकडून एक विसळलेलं भांडं घेतलं.

पोरं शाळेत जायला लागेपर्यंत तिला निघता येणार नव्हतं. तो परत निघाला तेव्हा ती बसपर्यंत पोचवायला आली, खिडकीशी थांबली. "पुढच्या वेळी हात न कापता या."

बस सुटली. तो खिडकीतून मागे बघत राहिला. मग शेजारच्या प्रवाशाला म्हणाला, "इकडे यायला रोज बस असते का हो?"