खंड्या जेवत नव्हता

कुत्र्यांच्या निवाऱ्यातून खंड्याला घरी आणलं, तेव्हा तो बारा वर्षांचा. तिथल्या बाई म्हणाल्या, "म्हातारा आहे हो, सांभाळाल ना?" मी म्हणालो, "बाई, माझेपण चार दात गेलेत."

पण दोन दिवस तो जेवेना. दूधभाताकडं बघायचा, मग माझ्याकडं. मी आपला सोफ्यावर पाय टाकून बकाबका खातोय. डॉक्टर म्हणाले, आज नाही खाल्लं तर सलाईन लावू.

बायको म्हणाली, "तुमचा अवतार बघूनच त्याची भूक मेली असेल." मग तिनं त्याच्यापुढं हात जोडले. "खा रे बाबा आता!"

खंड्यानं ताटली चाटून साफ केली.

संध्याकाळी मुद्दाम बघितलं. हात जोडले की खातो, नाहीतर बसून राहतो. म्हणजे त्याच्या आधीच्या घरात जेवायच्या आधी कुणीतरी हात जोडत असणार. कोण असेल? एकटी आजी, की पोरांची पंगत? कोण सांगणार!

आईनं बदडूनही मला हे वळण लागलं नव्हतं. आता दोन्ही वेळा हात जोडतो आणि एक डोळा किलकिला ठेवतो. खंड्या माझं तोंड न्याहाळत असतो. आपलं माणूस हेच का, ते बघत असावा. मग, बराच विचार करून, जेवायला लागतो.