दिराच्या घोट्याला पट्टा

आमची शेजारीण दवाखान्यात लोकांचे गळे दाबते, अशी गल्लीत आवई होती. दाबत नाही हो. लकवा मारलेल्यांच्या मानेवर जेली लावून सोनोग्राफीने रक्तवाहिन्या बघते. परवा तिचा दीरच वाकडं तोंड घेऊन तिच्यासमोर आडवा झाला. तिने घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधताच तो बोबड्या जिभेने खेकसला, "झटका तोंडाला आलाय, पायाला काय बांधताय?"

घोट्याचा दाब दंडापेक्षा फारच कमी भरला. पायाच्या वाहिन्या तुंबल्या की मानेच्याही अनेकदा तुंबलेल्या असतात. मानेतही चरबीचा थर निघालाच. दिराची पाचावर धारण बसली.

"वहिनी, सिगारेट सोडली नाही तर पुन्हा झटका येईल?"

"ओढा की, भावोजी. तुमची खोली कुणी घ्यायची, यावरून पोरांची भांडणं सुरूच झालीत."