तंबाखूचं पाणी

बिडीच्या ओल्या तंबाखूचा वास आला की फुलचूर गावातल्या आमच्या घरचा कुत्रा आठवतो. दर पावसाळ्यात त्याच्या कानात अळ्या पडायच्या. आई घरी बिड्या वळायची. अळ्या मराव्यात म्हणून सुपातली तंबाखू भिजवून तिचं पाणी ती त्याच्या कानात पिळायची. त्या वर्षी पाणी फार कडक झालं. कुत्र्याने कान खाजवला, पंजा चाटला आणि तोंडाला फेस येऊन तो झोकांड्या खायला लागला. "पागल झाला," म्हणत बाबांनी लाठी उचलली. काय झालं, हे कुणाला विचारायला ते थांबले नाहीत. डोकं फुटेपर्यंत ते मारत राहिले. आईने कापून ठेवलेल्या तेंदूच्या पानांवर रक्त उडालं. आई विहिरीवरून धावत आली. "काऊन मारलं जी? मीच तंबाखूचं पानी टाकलं होतं त्याच्या कानात." बाबा नुसते लाठी पुसत राहिले. आजही घरच्या कुत्र्याने कान फडफडवले की मी आधी काठी लपवतो.