बरणीवाल्याच्या शेजारची खुर्ची

पोर्ट हॅलममध्ये बर्नाडेट स्कालाला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. अर्ध्या गावाला लहानपणी तिनंच शाळेच्या बसमधून नेलं-आणलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं तिचं तोंड ऐकलं होतं. तोंड म्हणजे तसं घाणेरडं नव्हे, पण धारदार. आणि ती धार बहुतेक करून एकाच ठिकाणी चालायची, ती म्हणजे सरोवराच्या काठाकाठानं तासाभरावर असलेल्या वेनफील्डच्या बेसबॉल संघावर. संघाचं खरं नाव हेरॉन्स. पोर्ट हॅलममध्ये त्यांना नुसतं 'बगळे' म्हणत.

बगळ्यांचं नशीबच असं की टिंगल करायला फार डोकं लागत नसे. ते जिंकत असले की नेमका पाऊस यायचा आणि सामना रद्द व्हायचा. उंच उडालेला सोपा कॅच दोघं जण एकमेकांकडे बघत 'तुझा, तुझा' म्हणत सोडून द्यायचे. त्यांच्या एका खेळाडूचा अंगठा बोलिंगच्या, म्हणजे गोळा घरंगळवून पिना पाडायच्या खेळातल्या, जड गोळ्यात अडकला होता, तर दुसऱ्याची शिंकताना पाठ धरली आणि तो महिनाभर खेळला नाही. बर्नाडेट हे सगळं लुडविगच्या बारमध्ये, काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसून, अंगविक्षेपांसह सांगायची. तिचा नवरा होता तेव्हा तो शेजारी बसून हसायचा. तो गेल्यावर ती जागा गस बोडीनं घेतली. गस गोदीतला जुना क्रेनवाला, आवाज क्रेनच्या भोंग्यासारखा. "काय गं बर्नी, आज बगळ्यांनी काय दिवे लावले?" असं त्यानं दारातूनच ओरडायचं आणि हिनं सुरू करायचं.

मग तिची मूत्रपिंडं थकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारभर डायलिसिस. हाताला दोन सुया, शेजारी घरघरणारं यंत्र. उठताना अंग कुणी पिळून काढल्यासारखं व्हायचं. तरी तिथून ती थेट लुडविगकडे जायची. बिअर बंद झाली होती, म्हणून ग्लासभर बर्फ घ्यायची आणि एकेक तुकडा चघळत बसायची. घरी कुणी नव्हतं, आणि बारमध्ये निदान वाट बघणारं कुणी होतं. मात्र वाट तिची होती की तिच्या गमतींची, हा विचार अलीकडे तिच्या मनात यायला लागला होता. कधीकधी तिला वाटे, आज गप्प बसावं. पण गसचा भोंगा वाजला की जीभ आपोआप कामाला लागायची, जशी जुनी बस उतारावर आपोआप पळते.

जूनमध्ये डायलिसिसला तिच्या शेजारच्या खुर्चीत एक नवा माणूस आला. उंच, वाकलेला, डोक्यावर कुठल्याच संघाचं चिन्ह नसलेली टोपी. मुलीकडे राहायला आलोय, एवढंच तो नर्स तेरेसिताला म्हणाला. दोनतीन आठवडे तो डोळे मिटूनच पडून असायचा.

एका शुक्रवारी भिंतीवरच्या टीव्हीवर बगळ्यांचा सामना लागला होता. त्यांच्या एकानं चेंडू थेट कुंपणापलीकडे मारला आणि हात उंचावून, गर्दीला चुंबनं फेकत धावताना वाटेतल्या तिसऱ्या बेसवर, म्हणजे टप्प्यावर, पाय ठेवायलाच विसरला. पंचानं त्याला बाद दिलं. बर्नाडेटला राहवलं नाही.

"बघ तेरेसिता, बघ! देवानं हातात ताट दिलं तर हे ताट उलटं धरतील."

"मला कळत नाही हो यातलं काही," तेरेसिता यंत्राचे आकडे बघत म्हणाली.

"कळायचंय काय त्यात? थांब, तुला सगळ्यात भारी सांगते. तू तेव्हा जन्मलीही नसशील. यांच्याकडे एक पिचर होता, पोरगेलासा. चेंडू फेकायचा तो असा की दिसायचाच नाही. आम्हाला दोनदा लोळवलं त्यानं. अंतिम सामना आमच्याशी. सगळं पोर्ट हॅलम हबकलेलं. आणि आदल्या दिवशी या पठ्ठ्यानं काय केलं असेल? काकडीच्या लोणच्याच्या बरणीत हात घातला! शेवटची काकडी काढायला! हात निघेना, म्हणून सिंकवर बरणी आपटली, आणि हाताच्या शिराच कापून घेतल्या."

"अरे देवा."

"अगं, दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मैदानावर बरण्या घेऊन! मी बाकावर उभी राहून चमच्यानं बरणी बडवत होते. घसा बसला, पण चमचा थांबला नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं डोळे उघडले.

"चमचे होय?" तो म्हणाला. "मी आत खेळाडूंच्या खोलीत बसलो होतो, हाताला पट्टी बांधून. बाहेर कसला आवाज चाललाय तेच कळत नव्हतं. मला वाटलं गारा पडताहेत."

तेरेसिताचा हात यंत्रावरच थांबला. बर्नाडेटनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधली दोन बोटं ताठ होती, चादरीवर नुसती ठेवल्यासारखी.

"तुम्ही..."

"क्लाइड हॅनेगन. बरणीवाला." त्यानं टोपी जराशी वर केली. "आणि गोष्ट बरोबर सांगितलीत. लोकांना वाटतं आत काहीतरी वेगळं असणार, मारामारी, दारू, बाई. काही नव्हतं. भूक लागली होती, काकडी एकच उरली होती."

बर्नाडेटनं विचारलं, "आता खाता का लोणचं?"

"डॉक्टरांनी बंद केलंय," क्लाइड म्हणाला. "मीठ."

मग ती हसली, आणि तोही हसला. सुया टोचलेल्या असताना हसायचं म्हणजे पोट हलवायचं आणि हात मात्र दगडासारखा ठेवायचा, ते दोघांनाही आता जमायला लागलं होतं.

त्यानंतर दुपारी बऱ्या जाऊ लागल्या. 'तुम्ही'चं 'तू' झालं. हात गेल्यावर क्लाइड डाव्या हातानं घरं रंगवायला शिकला होता आणि जन्मभर तेच करत आला होता. ज्याच्या घरी रंगाला जाई तिथं पहिल्या दिवशी मालक स्वयंपाकघरातून बरणी घेऊन बाहेर येई. "प्रत्येकाला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच सुचलंय," तो म्हणाला. "मी दर वेळी हसायचो. गिऱ्हाईक ना. लग्नातसुद्धा एकानं बरणी दिली, रिबीन बांधून. कंटाळा येतो गं. राग नाही, कंटाळा." मग थोड्या वेळानं म्हणाला, "इथं मुलीकडे आलो तेव्हा वाटलं, शत्रूच्या गावात कोण ओळखणार? टोपी घालायची आणि गप्प राहायचं."

बर्नाडेटनं मान हलवली. आपण हे कुणाला सांगणार नाही असं ती बोलली नाही, पण दोघांनीही ते तसंच धरलं होतं.

जुलैत एक दिवस तिचा रक्तदाब फारच उतरला. तेरेसितानं पाय वर करून बराच वेळ निजवून ठेवलं. तरी ती लुडविगकडे गेलीच. बगळे त्या आठवड्यात चक्क लागोपाठ जिंकत होते. गसनं दारातून भोंगा वाजवला, आणि हिच्याकडे द्यायला काही नव्हतं. तिनं शिंकेची जुनीच गोष्ट काढली. कुणी हसलं नाही.

"बर्नी थकली रे," गस इतरांना म्हणाला, तिच्या देखत. "जीभ बोथट झाली. तिला घरी पोचवा कुणीतरी."

तो मायेनंच म्हणाला असेल. पण तिला ते लागलं. ग्लासातला बर्फ वितळला होता, डोकं गरगरत होतं आणि सगळे टीव्हीकडे वळले होते. ती म्हणाली, "माझ्या शेजारच्या खुर्चीत कोण बसतं माहितीये?"

सगळे तिच्याकडे वळले. तिनं सांगितलं, आणि छान सांगितलं. गारांचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. बार छप्पर उडेल असा हसला. गसनं काउंटर बडवला. घरी जाऊन ती कपड्यांनिशीच पलंगावर पडली. आपण काय करून बसलो ते तिला बारच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. पण परत फिरून 'कुणी तिकडे जाऊ नका' असं सांगायला पायांत त्राण नव्हतं. निदान तिनं स्वतःची समजूत तशी घातली.

पुढच्या वेळी ती आणि क्लाइड बरोबरच बाहेर पडले. दारासमोर, गाड्या लावायच्या जागेत, गस उभा होता. बरोबर बारमधले आणखी दोघं. गसच्या हातात काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी होती.

"हॅनेगनसाहेब!" गस गरजला. "एक सही! तीस वर्षांहून जास्त झाली हो वाट बघतोय!"

क्लाइड थांबला. डायलिसिसनंतर कुणाचाच चेहरा चांगला नसतो, त्याचा तर मेणासारखा झाला होता. त्यानं बर्नाडेटकडे पाहिलं नाही. तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"पेन आणलंय का?" त्यानं विचारलं.

डाव्या हातानं त्यानं झाकणावर सही केली. एकानं फोटो काढला. गसनं हात पुढे केला, क्लाइडनं सवयीनं उजवा हात दिला. गसच्या पंज्यात ती दोन बोटं तशीच ताठ राहिली. गसचा चेहरा क्षणभर उतरला.

"तुम्ही लई भारी होता हो," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "आमची फाटली होती तुम्हाला बघून."

"माहितीये," क्लाइड म्हणाला आणि मुलीच्या गाडीकडे गेला.

सोमवारी तो त्याच खुर्चीत होता. बर्नाडेटनं सुया लागेपर्यंत वाट पाहिली.

"मी सांगायला नको होतं, क्लाइड."

"नको होतं."

"भांड तरी माझ्याशी."

"भांडायला अंगात काही लागतं," तो डोळे मिटून म्हणाला. "मी सकाळच्या पाळीत जागा मागितलीये. मिळाली की जाईन."

सकाळच्या पाळीत जागा कशी मिळते, हे तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाचं तरी येणं कायमचं थांबावं लागतं. म्हणून ते आणखी कितीतरी दुपारी शेजारी शेजारी पडून राहिले, हवापाण्यापुरतं बोलत. टीव्हीवर बगळ्यांचा सामना लागला की बर्नाडेट तेरेसिताला चॅनेल बदलायला सांगे. एकदा क्लाइड म्हणाला, "राहू दे गं. मी बघतोय." मग तिनं राहू दिलं, आणि सामनाभर ती एक अक्षर बोलली नाही. बगळ्यांनी चार सोपे चेंडू सोडले तरीही.

ऑगस्टअखेर सकाळच्या पाळीतले एक म्हातारे शिक्षक गेले आणि क्लाइड तिकडे गेला. त्याच्या खुर्चीत एक बाई आली, ती पूर्ण वेळ विणत असायची.

बर्नाडेट लुडविगकडे जातच राहिली. दुसरं कुठं जाणार? गस आता तिच्यासाठी बर्फ आधीच काढून ठेवायचा. सही केलेली बरणी त्यानं बारमध्ये मांडली नव्हती, घरी नेली होती की फेकली होती, तिनं विचारलं नाही. तो दारातून ओरडायचा मात्र अजून. "आज नाही रे काही," ती म्हणायची, आणि तो "बरं" म्हणायचा.

सप्टेंबरात एका बुधवारी ती डायलिसिस केंद्रावर जरा लवकर पोचली. सकाळची पाळी सुटत होती. बोळात, भिंतीला टेकून, क्लाइड मुलीची वाट बघत उभा होता. तिला वाटलं, मान खाली घालून पुढे जावं.

"ऐकलंस का?" तो म्हणाला.

"काय?"

"आमचा कॅचर. नवा. काल रात्री हॉटेलात अंगावरच शर्टाला इस्त्री करत होता. बटणं लावलेला शर्ट. काढायचा कंटाळा आला म्हणे."

बर्नाडेटनं भिंतीचा आधार घेतला. "नाही!"

"छातीवर इस्त्रीचा अख्खा त्रिकोण. दोन आठवडे बाद." क्लाइडचे खांदे हलायला लागले. "आणि गं, शर्ट तरीही चुरगळलेलाच."

दोघं भिंतीला टेकून हसत राहिली, आवाज न करता, कारण आवाज काढण्याइतका दम दोघांतही नव्हता. मग गाडीचा हॉर्न वाजला. "चल," तो म्हणाला. "येतो." आणि हळूहळू दाराकडे गेला.

संध्याकाळी लुडविगमध्ये गसनं विचारलं तेव्हा ती नुसती बर्फ चघळत राहिली. इस्त्रीची गोष्ट दोन दिवसांनी पेपरातच आली. गसनं ती सगळ्यांना वाचून दाखवली, भलत्याच जागी थांबत, शर्टाचं शेवटी सांगायचं ते आधीच सांगून टाकत. बर्नाडेटनं त्याला दुरुस्त केलं नाही. लोक हसले तेव्हा तीही हसली, मग कोट घेतला आणि उजेड असतानाच घरी निघाली.