पोत्यावरचा चेहरा

किन्हवलीजवळच्या त्या गोठ्यात मी पोचले, तेव्हा काशिनाथ देसले आडव्या पडलेल्या म्हशीच्या मानेखाली गोणपाट सरकवत होते. गुरांचे डॉक्टर हात धुऊन निघाले होते. त्यांच्या हातात आता काही उरलं नव्हतं.

मुरबाडच्या एका पशुखाद्य कंपनीत मी पब्लिक रिलेशन्स ऑफिसर होते. कंपनी आणि लोक यांच्यात बिनसलं की मधे उभं राहायचं, हे माझं काम. आमचं खाद्य खाऊन आजूबाजूच्या गावांत जनावरं आजारी पडल्याच्या तक्रारी येत होत्या.

"साहेबाला पाठवलं नाय, तुमाला पाठवलं?" काशिनाथ म्हणाले.

"मी ऐकून घ्यायला आले, काका."

त्यांनी रिकामं पोतं माझ्यासमोर पसरलं. त्यावर टीव्हीवरच्या एका लोकप्रिय नटाचा फोटो होता. डोक्याला फेटा, हात बैलाच्या पाठीवर. त्याला निवडण्याच्या मीटिंगमध्ये मीही होते.

"याला आना. तुमची कंपनी मी वळखत नाय, ताय. याचा भरवसा धरला. घरातला मानूस वाटला."

म्हैस दुपारी गेली. काशिनाथांची बायको धार काढायचं भांडं घेऊन दारातच बसली. कोणी रडलं नाही. मला निघताही येईना.

ऑफिसात पोचले तर जनरल मॅनेजर मेहेंदळे साहेबांनी निवेदन तयार ठेवलं होतं. शेतकऱ्यांनी पोती ओलसर जागी ठेवली असावीत, तपास चालू आहे, असा मजकूर. याला आमच्या धंद्यात होल्डिंग स्टेटमेंट म्हणतात. म्हणजे काहीही न सांगता वेळ मिळवायचा.

"लॅबचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"खाद्यातल्या मक्यालाच बुरशी होती. आपल्याच गोदामात." साहेब खिडकीकडे बघत म्हणाले.

"मग हे निवेदन खोटं आहे."

"'असावीत' लिहिलंय."

म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती. बैलबाजारात आमचा स्टॉल होता, नट येणार होता. आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं जनावरं घेऊन उतरणार आणि तीच पोती तिथं फोडणार. मी साहेबांना एवढंच म्हटलं, "जत्रेत जनावरं पडायला लागली तर तिथं कुठलं स्टेटमेंट वाचायचं?"

साहेबांनी फोन उचलून माल थांबवला.

जत्रेत लोकांना खरं सांगायचं ठरलं. ते नटानंच सांगावं म्हणून मी विचारलं, तर त्याच्या सेक्रेटरीनं साफ सांगितलं, "सरांचं काँट्रॅक्ट जाहिरातीचं आहे, माफीचं नाही." कागदावर त्याचं बरोबरच होतं. त्यामुळे जत्रेत ठरलेल्या वेळी, नटाला बघायला जमलेल्या गर्दीसमोर मेहेंदळे साहेब उभे राहिले. माइक हातात घेऊन म्हणाले, "आमच्या खाद्यात दोष आहे. चूक कंपनीची आहे. घरात असलेलं पोतं जनावराला घालू नका, परत आणा."

क्षणभर नुसत्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. मग शिव्या सुरू झाल्या. एकानं शेणाचा गोळा मारला. साहेबांनी शर्ट पुसला नाही, तेच पुन्हा एकदा सांगितलं. मी शेजारी उभी होते.

पोती परत आली. टेम्पो गावोगाव फिरले. त्यानंतर नवी तक्रार आली नाही. ब्रँड मात्र संपला. दुकानदार आमचं नाव घेईनात. वर्षभरात ते खाद्य बंद झालं आणि साहेबांची बदली झाली.

मेलेल्या जनावरांच्या बदल्यात कंपनीनं जनावरं दिली. काशिनाथांच्या दारी म्हैस पोचवायला मी गेले होते. त्यांनी तिला पाणी दाखवलं, कपाळावरून हात फिरवला.

"म्हस घेतली, ताय. तुमचं खाद्य मात्र आता कंदी नाय."

आता मी नव्या मुलांना हे काम शिकवते. खरं बोललात की गिऱ्हाईक परत येतं, असं त्यांच्या पुस्तकात असतं. मी त्यांना सांगते, येईलच असं नाही. तरीही सांगायचं, कारण पोतं अजून कुणाच्या तरी घरात असतं.